एक लाख ऐंशी हजारांचा डबा

मामांचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मुलीचा परीक्षेचा अर्ज भरत होते. तिचा फोटो साइट घेत नव्हती, बाहेर दोन गिऱ्हाइकं झेरॉक्ससाठी ताटकळली होती, आणि मामा नेहमीप्रमाणे मोठ्यानं बोलत होते.

"अगं पोरी, तुमच्या क्लासातलं ते जुनं कॉम्प्युटर माझ्या माळ्यावर हाय न्हवं, त्याचं काय करायचं म्हंतीस?"

"कोणतं हो मामा?"

"दूध संस्थेला दिल्तं बघ तुम्ही. हिरव्या अक्षराचं. संस्थेनं नवं घेतलं तवा मी ते घरी आणून टाकलं. एक लाख ऐंशी हजाराला जातंय ते!"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "अठराशे म्हणायचंय का तुम्हाला?"

"न्हाई न्हाई. एक लाख ऐंशी हजार. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. राहू गावात राहतात. ऊस आणि शेवंती ही त्यांची शेती. गावच्या दूध संस्थेचे ते काही वर्षं चेअरमन होते. एका लग्नात जेवण झाल्यावर कुणीतरी त्यांना मोबाइलवर लिलावाचं पान दाखवलं होतं. त्यावर हुबेहूब तसाच संगणक होता, आणि खाली 'विकला गेला' असं लिहून आकडा दिला होता. मामांना विकायची घाई होतीच, पण वस्तू मुळात आमची, म्हणून आधी विचारायला फोन केला होता. मामांचा हा स्वभाव आहे. उसाच्या बांधावरचा आंबा शेजाऱ्याच्या बाजूला पडला तरी ते विचारून उचलतात.

तो संगणक आम्ही घेतला तेव्हाही नवा नव्हता. मी आणि माझ्या यजमानांनी शिरूरला एसटी स्टँडच्या जवळ, एका कापड दुकानाच्या माडीवर क्लास काढला होता. पुण्याहून तो जुना घेतला आणि एसटीनं आणला. मॉनिटर यांच्या मांडीवर, डबा माझ्या पायाशी गोधडीत गुंडाळलेला, आणि कंडक्टर दोन्हीचं तिकीट मागत होता. त्या एका यंत्रावर शिरूरच्या कितीतरी मुली टायपिंग शिकल्या. पुढे नवे संगणक आले, तेव्हा मामांनी संस्थेच्या बिलांसाठी हा मागून नेला. क्लासही नंतर बंद झाला. आता त्याच जागेत आम्ही ऑनलाइन अर्ज, सातबारा, लाइट बिल, असली कामं करतो.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. हे लगेच लॅपटॉप घेऊन बसले. मामा सांगत होते ते पान सापडलं. मामा खोटं बोलत नव्हते. पिवळट पडलेला डबा, दोन फ्लॉपीच्या फटी, जाड काचेचा मॉनिटर, आणि खाली तो आकडा.

"बघ," हे म्हणाले. "आपण अशी वस्तू माळ्यावर टाकली."

"एवढे पैसे देऊन कोण घेत असेल हो?"

"हौस असते लोकांना. जुन्या स्कूटरला नाही का लाखभर मोजत?"

यांच्या बोलण्यात उत्साह होता, आणि तो मला बऱ्याच वर्षांनी दिसत होता, म्हणून मी गप्प बसले. पण आकडा काही पटेना. जेवणानंतर मीही त्या साइटवर शोधाशोध केली. त्याच विकणाऱ्यानं आधी काय काय विकलं ते बघत गेले. तोच संगणक दोन महिन्यांपूर्वी विकला गेला होता, सव्वा लाखाला. त्याच्याही आधी एकदा, नव्वद हजारांना.

तोच, म्हणजे तशाच बनावटीचा नव्हे. तोच. मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यात गरम काहीतरी टेकून वितळल्यासारखी एक खूण होती, नाण्याएवढी. तिन्ही फोटोंत ती होती. कीबोर्डवर एक बटण बाकीच्यांपेक्षा काळपट, दुसऱ्या कुठल्यातरी कीबोर्डचं काढून बसवलेलं. तेही तिन्ही फोटोंत.

मी यांना दाखवलं.

"परत आला असेल," हे म्हणाले. "घेणाऱ्याला पसंत पडला नसेल."

"एकदा परत येईल. सारखा सारखा? आणि दर वेळी किंमत वाढवून?"

बोली लावणाऱ्यांची नावं त्या साइटवर पूर्ण दिसत नाहीत. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, मधे फुल्या. पण प्रत्येक लिलावात शेवटची चढाओढ त्याच दोघांत झाली होती, आणि त्या दोघांनी या विकणाऱ्याखेरीज कुणाकडे फारसं काही घेतलेलं नव्हतं.

"तू फार खोलात जातेस," हे म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी आम्ही राहूला गेलो. न्हावऱ्यावरून पुढे पारगावचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि गुऱ्हाळं चालू असली की गाडीच्या काचा बंद असूनही रसाचा वास आत येतो. मामा दारातच उभे होते. माळ्यावरून यंत्र त्यांनी आधीच उतरवून पडवीत ठेवलं होतं. वर खताची रिकामी गोणी टाकलेली होती.

मामी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी यंत्राकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"लाखाचं गिऱ्हाईक हाय म्हणत्यात," मला म्हणाल्या. "मंग आतापातूर एक तरी माणूस बघाया आला आसता ना? गाय घ्याची तर माणूस चारदा येऊन दात मोजतो."

"आगं, ते ऑनलाइन आसतं," मामा म्हणाले.

"आसंल," मामी म्हणाल्या आणि कपबशी त्यांच्या हातात दिली.

यांनी डबा उघडला. आत पालीची अंडी, धूळ, आणि उंदरानं आणून टाकलेला कापूस. हे तासभर ब्रश आणि ब्लोअर घेऊन बसले होते. मी घरातून जुन्या फ्लॉपींचा डबा शोधून आणला होता. बहुतेकींवर बुरशी धरली होती. बटण दाबलं तेव्हा पंखा घरघरला, फ्लॉपीच्या फटीतून करकर असा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं काचेवर एक हिरवी रेघ लुकलुकायला लागली. यंत्रानं आजची तारीख विचारली. यांनी तारीख घातली, तर त्यानं ती घेतलीच नाही. एवढं पुढचं वर्ष त्याला माहीत नव्हतं. यांनी काहीतरी मागचं वर्ष घातलं, तेव्हा ते पुढे सरकलं.

 हे नुसते बघत राहिले. मीही बघत राहिले. मला माडीवरचा तो कोंदट वास आठवला, आणि मुली एका यंत्रासाठी बाकावर नंबर लावून बसायच्या ते.

मामा म्हणाले, "चालू हाय म्हंजी दोन लाख धरा."

फोटो काढून यांनी त्याच साइटवर लिलाव लावला. मी यांना माझी शंका पुन्हा बोलून दाखवली, पण अडवलं नाही. विकायचंच होतं, तर ठेवून तरी काय करणार होतो?

पहिले काही दिवस बोली हळूहळू चढली. दोन हजार, तीन हजार. एक माणूस मात्र नेमानं प्रश्न विचारायचा. मराठीतून लिहायचा. कीबोर्डच्या मागचे दोन्ही पाय शाबूत आहेत का, मॉनिटरच्या काचेवर कुठे चरा आहे का, फ्लॉपी दोन्हीकडे वाचते का. हे त्याला उत्तरं देता देता खूश व्हायचे. त्यानं सावकाश चढत चढत अकरा हजारांची बोली लावली आणि लिहिलं, 'याच्यापुढे माझी ऐपत नाही, पण मनापासून हवा आहे.'

शेवटच्या दिवशी दुपारी आकडा एकाएकी उसळला. चाळीस हजार, सत्तर हजार, एक लाख. मी नावं बघितली. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, मधे फुल्या. तेच दोघं. लिलाव एक लाख पासष्ट हजारांवर संपला.

मामा मोटरसायकलवर शिरूरला आले ते पेढे घेऊनच. मी म्हटलं, "मामा, पैसे हातात येऊ द्या." पण त्यांनी खालच्या कापड दुकानदाराला, चहावाल्याला, झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना पेढे दिले. गावात तर आधीच सांगून झालं होतं. जुन्या कॉम्प्युटरचे दीड लाख आले म्हणून एकानं आपल्या बापाचा रेडिओ धुऊनपुसून ठेवला होता.

घेणाऱ्यानं पैसे भरले नाहीत. यांनी निरोप पाठवले, त्यांना उत्तर नाही. साइटनं दिलेला त्याचा फोन बंद लागत होता. मामा रोज सकाळी फोन करायचे, "आलं का काही?" आणि मी "नाही अजून" म्हणायचे. पुढे पुढे ते "आलं का" एवढंच म्हणायचे.

आठवडा उलटल्यावर दुकानात एक फोन आला. हिंदीत.

"मैडम, वो पुराना कंप्यूटर अभी है क्या आपके पास? मैं पाँच हज़ार में उठा लूँगा. कैश. आज ही गाड़ी भेजता हूँ."

मी म्हटलं, तो तर विकला गेलाय.

"अरे, वो पार्टी तो भाग गई ना?"

मी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. साइटवर अजून 'विकला गेला' असंच दिसत होतं. मी विचारलं, "आपको कैसे पता?"

 तो म्हणाला, "इस लाइन में बहुत होता है, मैडम."

मी त्याला गाडी पाठवू नका, आम्हीच येतो, असं सांगून पत्ता घेतला. सणसवाडीचा होता. यांना सांगितलं तेव्हा यांनी लॅपटॉप उघडून ती नावं पुन्हा बघितली. म्हणाले, "मला वाटलं होतं तू उगाच खुसपट काढतेस." मामांना कळवलं, तर ते म्हणाले, मीबी येतो, मला बघायचाय तो माणूस कसा दिसतो.

हमरस्त्यापासून आत वळलं की सणसवाडीत गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. पहिली पाळी सुटली होती. कंपनीचा ड्रेस घातलेली मुलं डबे हलवत चालली होती, एका हातगाडीवर कुणी बिहारी लिट्टी भाजत होतं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून गाणी वाजत होती. तो माणूस शटर अर्धं उघडून वाट बघत होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आम्ही रिकाम्या हातानं आलेलो बघून त्याचा चेहरा जरा उतरला, पण त्यानं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

आत निळ्या ठिपक्यांची फरशी होती, भिंतीला लोखंडी मांडण्या होत्या आणि त्यांच्यावर संगणक. कंपन्यांतून भंगारात निघालेले, शाळांतून निघालेले, कुठल्या पतसंस्थेतून निघालेले. आमच्यासारखे चारपाच तर होतेच. मी मांडणीपाशी गेले. दुसऱ्या कप्प्यावर तो मॉनिटर होता. खालच्या कोपऱ्यात नाण्याएवढा वितळल्याचा डाग. बाजूला कीबोर्ड, एक बटण काळपट.

मी डागावर बोट ठेवलं. "ये बिक गया था ना? तीन बार?"

तो हसला. ओशाळून नव्हे, साधं हसला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "ताई, तुम्ही तर सगळं बघून आला."

"मग सांगा ना आम्हाला. घेतो कोण याला लाखांत?"

"कोणी नाही घेत. वो दिखाने का रेट है. मेरे ही दो लड़के बोली लगाते हैं." त्यानं खरं तर लपवलं काहीच नाही. वर मोठा आकडा दिसला की मग एखादा हौशी माणूस फोन करतो, त्याला साठ हजार सांगितले की ते त्याला स्वस्त वाटतात. महिन्यात असा एखादा मिळाला तरी पुरतं.

"आन् आमच्या वस्तूवर का बोली लावली?" मामांनी विचारलं.

"बाबूजी, आपका ग्यारह हज़ार में बिक जाता तो मेरा साठ में कौन लेता?"

शिवाय, मोठी बोली लावून पैसे भरले नाहीत की विकणारा कंटाळतो, आणि मग पाच हजारांत देऊन टाकतो. हे तो बोलला नाही, पण आम्ही त्याच्यासमोर बसलो होतो ते त्याचसाठी.

मामांचा कप तसाच राहिला. ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ते एवढंच म्हणाले, "मी फुलं घेऊन बाजारात जायचो तवा एक दलाल आसाच करायचा. पहिली क्रेट उंच बोलायचा, सगळ्यांच्या देखत. मागं राहिलेली फुलं मातीमोलानं घ्यायचा. त्याच्याकडं मी पुन्यांदा कवा गेलो न्हाई." आणि बाहेर गाडीपाशी जाऊन थांबले.

तो माणूस मला म्हणाला, "छह हज़ार कर दूँ?"

मी म्हटलं, नको.

परतताना शिक्रापूर मागे पडलं. मग मामा म्हणाले, "गावात काय सांगू आता?"

हे गाडी चालवत होते. म्हणाले, "माझंच चुकलं मामा. हिनं आधीच सांगितलं होतं."

"तुमचं काय चुकलं जावईबापू? पेढं मी वाटलं."

यांनी घरी गेल्यावर साइटकडे तक्रार केली. तिन्ही लिलावांतले डागाचे फोटो शेजारी शेजारी लावून जोडले, बोली लावणाऱ्यांची नावं लिहिली. उत्तर आलं ते छापील आभाराचं. काही आठवड्यांनी ते खातं साइटवरून गेलं. पण लवकरच दुसऱ्या नावानं तसेच संगणक विकायला आले. फोटोत खाली तीच निळ्या ठिपक्यांची फरशी होती. यांनी तेही कळवलं. अजूनही कळवतात.

मला मात्र तो अकरा हजारवाला माणूस आठवत होता. साइटवर त्याचा नंबर मिळाला. मी फोन केला आणि विचारलं, अजून हवाय का?

"विकला गेला ना तो?" तो म्हणाला. "एवढा आकडा बघून मी नादच सोडला."

मी त्याला झालं ते सगळं सांगितलं. तो दौंडचा निघाला. रेल्वेतून निवृत्त झालेला. मी म्हटलं, यंत्र राहूला आहे, येऊन बघून घ्या. तो पुढच्याच रविवारी आला, बायकोला घेऊन.

मामींनी पडवीत टेबल ओढून यंत्र मांडून ठेवलं होतं. त्या माणसानं मागचे पाय बघितले, काच बघितली, झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. त्याची बायको तोवर मामींशी शेवंतीच्या रोपांबद्दल बोलत होती. यंत्र चालू झाल्यावर त्यानं तिला हाक मारली. ती खुर्चीवर बसली, चष्मा वर सारला, आणि कीबोर्डकडे न बघता टाइप करायला लागली. हिरवी अक्षरं भराभर ओळीनं उमटत गेली. टायपिंगच्या पहिल्या धड्याचाच सराव करत होती ती. मी माझ्या क्लासातल्या मुलींकडून तो धडा इतक्यांदा करून घेतला होता की मला पुढचं अक्षर आधीच कळत होतं.

"दौंडला आमच्या वेळी एकच क्लास होता," तो माणूस मला म्हणाला. "आन् एकच मशिन. हिचा नंबर माझ्या आधी असायचा. वेळ संपली तरी उठायची नाही."

"तुम्हीच म्हणायचा, चालू द्या," ती मागे न बघता म्हणाली.

मामांनी पाच हजार सांगितले. म्हणाले, भंगारवाला तेवढेच देत होता, तुम्ही तर नांदवायला नेताय. पण त्यानं ऐकलं नाही. बोली अकरा हजारांची होती, तेवढेच देईन म्हणाला, आणि पाकीट मामांच्या हातात ठेवलं. मामांनी ते माझ्यापुढे धरलं, मी मामींकडे सरकवलं. मामींनी पाकीट घेतलं आणि मामांना म्हणाल्या, "हे बघा, आसं आसतं गिऱ्हाईक." मग आतून गुळाची ढेप आणि शेवंतीची जुडी आणून त्या बाईच्या ओटीत घातली. यंत्र त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, आणि मॉनिटर ती बाई मांडीवर घेऊन बसली.

गावाचं म्हणाल तर मामांनी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला गेले तेव्हा स्वतःच सगळं सांगून टाकलं. चारआठ दिवस लोक हसले. नंतर दुसऱ्या कुणीतरी हसण्यासारखं काही केलं असणार.

परवा दुकानात एक बाई आली. बाजाराच्या दिवशीची, कडूस पडायच्या, अंधार व्हायच्या आत गावी पोचायच्या घाईतली. तिनं पदराची गाठ सोडली आणि प्लास्टिकच्या कागदात ठेवलेली पाच रुपयांची जुनी नोट काढली. ट्रॅक्टरचं चित्र असलेली. तिला मोबाइलवर कुणीतरी दाखवलं होतं की अशा नोटेचे दोन लाख मिळतात. फोटो काढून ऑनलाइन टाका म्हणाली.

मी विचारलं, "त्यांनी तुमच्याकडं आधी काही मागितलंय का?"

"फी म्हणत्यात. नोंदणीची. मंग पैसं धाडणार."

"भरली का?"

"न्हाई अजून. म्हणलं तुमाला इचारावं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि दौंडच्या माणसाचं नव्हे, सणसवाडीच्या माणसाचं सगळं सांगितलं. आपण वस्तू विकतो तेव्हा पैसे घेणारा आपण असतो, मग आपल्याकडूनच आधी पैसे मागतं ते कसलं गिऱ्हाईक, असं म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मग नोटेची घडी करून तिनं ती पुन्हा पदराच्या टोकाला बांधली.

"बरं," ती म्हणाली, "लाइट बिल तरी भरता येतंय का हितं?"

"येतंय," मी म्हटलं. "ग्राहक क्रमांक सांगा."